पुढच्या रांगेतली खुर्ची

आमच्या चर्चमध्ये रविवारचं बायबलचं वाचन कित्येक वर्षं माझ्याकडं आहे. शनिवारीच उतारा मोठ्यानं वाचून मी सराव करतो, म्हणजे तोंडातलं 'इथं-तिथं' जाऊन 'येथे-तेथे' येतं. माझे उच्चार सुधारले. मी किती सुधारलो, ते ऐका.

त्या रविवारी माझी मावशी पहाटेच्या एसटीनं कन्नडहून आली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच ती पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेवढ्यात चिकलठाण्यातले एक कारखानदार बायकोसह आले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीच लगबगीनं गेलो नि म्हणालो, "मावशे, तू जरा मागं सतरंजीवर बस ना." ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. कारखानदार बसले.

मग मी वेदीशेजारी उभं राहून वाचलं. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला खाली बसवता, म्हणून झापणारा तो उतारा. आदल्या दिवशी पाच वेळा घोकला होता. पालथ्या घड्यावर पाणी! वाचताना मी एकदाही अडखळलो नाही. वाचून झाल्यावर रीतीप्रमाणं सगळ्यांनी देवाचे आभार मानले, मीसुद्धा.

मिस्सा संपल्यावर कारखानदारांनी हात मिळवून माझ्या वाचनाचं कौतुक केलं. मावशी दारात चपला शोधत होती.

"लई मोठ्यानं वाचलंस रं," ती म्हणाली. "मागं बसूनबी समदं ऐकू आलं."