पदराखालचा भाव

आमच्या दुकानावर पाटी होती, 'एकच भाव'. जालन्याच्या पेंटरकडून लाल रंगात रंगवून घेतलेली, खाली निळी वेलबुट्टी. वडीगोद्रीत मोठ्या रस्त्याला लागून आमचं कापडाचं दुकान होतं. लुगडी, धोतरं, खण, चादरी, टॉवेल असा माल. बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, लोकांच्या हातात पुन्हा चार पैसे खुळखुळायला लागले होते. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या पाटीचा मला जेवढा राग आला तेवढा सासरच्या एकाही माणसाचा आला नाही.

पाटी ही आमच्या ह्यांची हौस, आणि तिला कारण होतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, बैलबाजारातले दलाल. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात, आणि खाली बोटं दाबतात. जितकी बोटं तितका आकडा. वरवर पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात, भोवती माणसांचा गराडा असतो, आणि सौदा होऊन जातो तरी कोणाला पत्ता लागत नाही. मग महिन्याभरानं एखादा शेतकरी आमच्या दारात उभा राहून मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, की शेजाऱ्याला याहून तगडा बैल कमी पैशात कसा दिला. मामा शांतपणे भाकरी मोडत बसायचे. शाळकरी लेकाच्या, म्हणजे ह्यांच्या, मात्र घशाखाली घास उतरत नसे. धंदा करीन तर उघड्यावर करीन, लहानथोरांना एकच भाव सांगीन, दारात शिवी येऊ देणार नाही, असं त्यांनी त्या वयातच ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी मला हे सांगितलं. मी नवी नवरी, मला ते फार थोर वाटलं. दुकान उघडल्यावर थोरपण हळूहळू उतरत गेलं.

दुकानासाठी मामांनी स्वतःची बैलजोडी विकली होती. देतानाच त्यांनी लेकाला बजावलं, "गुढीपाडव्यापर्यंत बघू. चाललं तर बराबर. न्हाई तर माल विकून जोडी परत आणायची, अन् तू माझ्यासंगं बाजारात यायचं. उपरणं मीच देतो." ह्यांनी पैसे घेतले, पण उपरण्याकडं बघितलं नाही. त्या उपरण्याखाली हात घालायचा नाही म्हणून तर माणसानं सगळा खटाटोप मांडला होता.

आणि दुकान चालेना. पाटी वाचून एक म्हातारेबाबा आत आले, टेकून बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "एकच भाव ठीक हाय. पर मला किती?" ह्यांनी समजावलं की सगळ्यांना तोच. बाबा म्हणाले, "सगळ्यांना असू दे की. मी माझं विचारून राह्यलो." पलीकडच्या गल्लीतले पिंजारीचाचा तर अगदी प्रेमानं म्हणाले, "बेटे, पाटी बराबर है, बिलकुल बराबर. अब मेरेकू कित्ते में देता बोल." ह्यांनी प्रत्येक कापडाला भावाची चिठ्ठी टाचून ठेवली होती. बायका त्या चिठ्ठीवर अंगठा ठेवायच्या आणि वर बघून विचारायच्या, "कितीला हो?"

त्याहून जिवाला लागायचं ते शेजारचं दुकान. आमच्याकडं नऊवारी सुती लुगडं चोवीस रुपयांना. तेच लुगडं, त्याच गिरणीचं, त्याच काठाचं, शेजारी पस्तीस सांगायचा. बाई हाय हाय करून उठायची, पायरी उतरायची, तो हाक मारायचा, ती परत चढायची, तो आपल्या लेकराबाळांच्या आणाभाका घ्यायचा, आणि शेवटी सत्तावीसला सौदा पटायचा. मग ती बाई लुगडं काखेत मारून आमच्याच दुकानावरून जायची आणि बरोबरीच्या बाईला सांगायची, "आठ रुपये सोडवले बघ मेल्याकडून." मी गल्ल्यामागं बसून दातओठ खायची. एकदा न राहवून मी ओरडलेच, "अहो, हितं चोवीसला हाय!" तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "असंल बाई. चोवीसचं चोवीससारखंच असतंय." आता काय म्हणावं या बाईला!

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांच्याशी भांडायची. "पस्तीस सांगा आणि चोवीसला द्या ना. तुमचं काय जातंय?"

"खोटं जातंय तोंडातून," ते म्हणायचे. खोटं तोंडातून जातं की येतं, यावरूनही आम्ही भांडलो. पण आतून मला धास्ती पडली होती. हा माणूस बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून उभा राहिला तर जगेल, पण पहिल्यासारखा हसणार नाही, हे मला दिसत होतं.

दिवाळी कोरडीच गेली. संक्रांतीच्या सुमाराला एका बाजाराच्या दिवशी मामा दुकानात येऊन बसले. सकाळपासून दुपारपर्यंत बघत राहिले. लोक येत होते, ह्यांचा भाव ऐकत होते आणि उठून जात होते. शेवटी मामांनी पानाची पिंक टाकली आणि लेकाला विचारलं, "तुझा भाव बदलायचा न्हाई ना?"

"नाही."

"नको बदलू. पाटीबी राहू दे. पर भाव असा बोंबलून कशाला सांगतो? चारचौघांत सांगितलेला भाव चारचौघांचा असतो. त्यात माणसाला सोताचं काय गावलं? त्या चिठ्ठ्या काढ आधी."

चिठ्ठ्या निघाल्या. तेवढ्यात एक शेतकरी धोतर बघायला आला. मामांनी त्याला जवळ बसवलं, इकडंतिकडं पाहिलं, त्याचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. तोंडानं ज्वारीचं काय चाललंय ते विचारलं आणि खाली बोटं दाबली. आधी एक, मग चार. चौदा रुपये. आमचाच भाव, एका पैशाचाही फरक नाही. पण त्या माणसाचे डोळे लकाकले. त्यानं मान डोलावली, चौदा रुपये मोजले आणि धोतर घेऊन पाटीकडं न बघता गेला.

ह्यांनी ते चौदा रुपये गल्ल्यात टाकले, परत काढून मोजले. खोटं तर कोणी बोललं नव्हतं. शेवटी म्हणाले, "एक अट. 'फक्त तुमच्यासाठी' असं कोणी तोंडानं म्हणायचं नाही." मामा म्हणाले, "म्हणावं लागतच न्हाई रे, येड्या."

प्रश्न उरला बायकांचा. त्या काही मामांच्या उपरण्याखाली हात घालणार नव्हत्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, पदर हाय ना?"

मामांनी मला अर्ध्या तासात बोटं शिकवली आणि पुढच्या बाजारापासून मी बसायला लागले. लुगडं पसंत पडलं की मी बाईला गल्ल्याच्या बाजूला घ्यायची, रस्त्याकडं एक नजर टाकायची आणि तिचा हात माझ्या पदराखाली ओढायची. दोन बोटं, मग चार. तोंडानं मी विचारायची, "लेक नांदायला गेली का?" खोटं एकदाही बोलले नाही. रस्त्याकडं बघणं हे काही खोटं बोलणं नव्हे. बाई माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं बघायची, आणि ती लुगडं असं गुंडाळून न्यायची की जसं काही आम्ही दोघींनी मिळून दुकान लुटलं! पाटी वर जशीच्या तशी होती. ती बाकीच्यांसाठी आहे, असं प्रत्येकीला वाटत होतं.

दुकान भरभरून चालायला लागलं. चार-चार कोसांवरून बायका यायला लागल्या. शेजारचा दुकानदार पायरीवर येऊन माझ्या पदराकडं असा बघायचा की मामांनी त्याला एकदा बैल हाकल्यासारखा हाकलला. घरी हे हिशोब लिहिताना शीळ घालायचे. मी मनात म्हटलं, आता पाडवा आला तरी भीती नाही. इथंच माशी शिंकली.

गावात दोघी जावा होत्या. एकाच वाड्यात दोन चुली, एकमेकींचं पाणीसुद्धा न चालणाऱ्या. थोरली पन्नाशीची, कमी बोलणारी. धाकटी फटाकडी. दोघींनी आमच्याकडून एकच लुगडं नेलं होतं, हिरवं, लाल काठाचं. गोवऱ्यांवरून भांडण पेटलं आणि धाकटी बोलून गेली, "तुला काय अक्कल! मला ती पोरगी चोवीसला देती, पदराखाली!" थोरली म्हणाली, "मलाबी चोवीसलाच दिलं." दुसऱ्या कुठल्या मुलखात हे ऐकून दोघींना बरं वाटलं असतं. आमच्याकडं दोघी जन्मात पहिल्यांदा एक झाल्या आणि भर बाजारात आमच्या दुकानावर चालून आल्या.

"तिला अन् मला एकच भाव?" धाकटी कडाडली. "मंग पदराखाली कशाला घेतलं? माझा हात कशाला धरला?"

बघता बघता पायरीपुढं गर्दी जमली. त्यात निम्म्या जणींच्या अंगावर आमचंच लुगडं. एक म्हणाली, "मला बी चोवीस." दुसरी म्हणाली, "अगं बाई, मला बी." प्रत्येकीचा चेहरा पडत गेला. कोणाचा एक पैसा जास्त गेला नव्हता. तरी सगळ्या लुबाडल्यासारख्या दिसत होत्या. मामा उठून काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात हे पुढं झाले.

"भाव एकच आहे," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "पहिल्यापासून एकच आहे. वर लिहिलंय."

त्या दिवशी सगळ्या बायकांनी पहिल्यांदा मान वर करून पाटी पाहिली. वाचता न येणाऱ्यांनीही पाहिली. मग एकेक जण निघून गेली. रात्री मामा एवढंच म्हणाले, "खरं बोलला, बेस केलं. आता बैल बघायला लागतो."

पुढच्या बाजाराला दुपारपर्यंत दुकानात चिटपाखरू नव्हतं. हे त्याच त्या चादरी उलगडत होते आणि परत घड्या घालत होते. पाडवा तोंडावर आला होता. मला रडू फुटत होतं, आणि त्या सगळ्या बायांचा संतापही येत होता. एवढं स्वस्त, एवढं सरळ, आणि तरी रुसून बसल्या!

तेवढ्यात थोरली जाऊ आली. एकटीच. तिनं एक खण पसंत केला आणि गल्ल्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. मी सरळ भाव सांगायला तोंड उघडलं.

"तोंडानं नको," ती म्हणाली, आणि तिनं आपला हात माझ्या पदराखाली घातला.

"मावशी, भाव सगळ्यांना तोच आहे."

"ठावं हाय. त्या दिशी ऐकलं की. तोच राहू दे." ती रस्त्याकडं बघत होती. "घरात मला समदे लांबून सांगत्यात. पाणी आण, भाकर टाक, तिकडं सर. हात धरून, मला एकटीला असं कोणी कवा काई सांगितलं न्हाई गं. तू सांग."

तिचा हात खरबरीत होता, बोटांना भेगा होत्या. मी बोटं दाबली. घाईनं नाही, सावकाश. आणि विचारलं, "लेकाचं पत्र आलं का?" या वेळी मला ते खरंच ऐकायचं होतं, आणि तिनं सगळं सांगितलं. ती गेली तेव्हा पायरीशी आणखी दोघीजणी उभ्या होत्या. दिवस मावळेपर्यंत मला पाणी प्यायला सवड मिळाली नाही. सगळ्यांना भाव माहीत होता, आणि एकीनंही तो तोंडानं सांगू दिला नाही.

पाडव्याच्या सकाळी दुकानाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, पूजा झाली. मामा आले ते आत आले नाहीत. गिऱ्हाईक बसतं तिथं बसले आणि लेकाला म्हणाले, "धोतर दाखव."

ह्यांनी चार धोतरं टाकली. मामांनी पोत बघितलं, काठ बघितला, एक नापसंत केलं, एक बाजूला ठेवलं. मग उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात लेकापुढं धरला.

हे त्या उपरण्याकडं बघत राहिले. मी तोरण सरळ करायच्या निमित्तानं तिथंच उभी होते. मग त्यांनी हळूच आपला हात खाली घातला.

"यंदा पाऊस बरा होईल म्हणतात," मामा रस्त्याकडं बघत म्हणाले.

"हो, म्हणतात," हे म्हणाले.

"महागच हाय तुझं दुकान," मामा म्हणाले. पण हात दोघांनीही काढला नाही. चौदा रुपये सांगायला इतका वेळ लागत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक होतं.