गाळ्यातल्या टाळ्या

वस्त्यांमधल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांचेच छोटे धंदे उभे करणाऱ्या संस्थांचा एक जागतिक मेळावा भरतो. दर वेळी देश वेगळा, भाषणं तीच. त्या वर्षी तो वाशीच्या एका हॉटेलात होता आणि तिसऱ्या दिवशीच्या फील्ड व्हिजिटसाठी आमच्या संस्थेने पावणे औद्योगिक वसाहतीतला गाळा पुढे केला. पाहुणे आले की दुभाषी मीच. माझं इंग्रजी चांगलं आहे, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या गाळ्यात आमच्या संस्थेने उभ्या केलेल्या गटातल्या अकरा बायका कारखान्यांसाठी जाड कापडाचे हातमोजे शिवत. त्यांची अध्यक्ष मावशी, शेजारच्याच गावातली. दोन प्लॉट पलीकडे जिथे आज केमिकलचे ड्रम रचलेले असतात, तिथे तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. गाळा एका कारखानदाराने वापरायला दिलेला. त्याने तो विकला आणि महिनाअखेर खाली करायला सांगितलं. नवा मालक तिथे परदेशी मालाचं गोदाम करणार होता. मावशीचं म्हणणं सरळ होतं. आमचं तो ऐकत नाही, बाहेरच्या लोकांचं ऐकेल. पाहुण्यांनी त्याला एक पत्र द्यावं, दुसरी जागा मिळेपर्यंत या बायकांना राहू दे म्हणून. ती पंधरा दिवस मला हेच सांगत होती आणि मी मान डोलवत होते.

सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, सकाळीच बजावलं की पाहुण्यांसमोर रडगाणं नको. कार्यक्रमपत्रिकेत गाळ्याचं नाव यशोगाथांच्या यादीत छापलं होतं. ऑर्डर तर कधीच थांबली होती. मशीनं चालू दिसावीत म्हणून आम्ही कपाट उचकटलं, तर उरलेले कापलेले तुकडे सगळे डाव्या हाताचे निघाले. बायकांनी मुकाट्याने तेच शिवायला घेतले. ऐरोलीला घरकामाला लागलेल्या दोघी तेवढ्यासाठी खाडा करून आल्या होत्या.

एसी बस आली. गळ्यात पट्ट्यांची ओळखपत्रं घातलेले वीसेक जण उतरले. मावशीने नवी साडी नेसली होती. तिने प्रत्येकाला नारळ दिला, मग हात जोडून बोलायला लागली. जागा जाते आहे, मशीनं ठेवायला घर नाही, तुमचं नाव मोठं आहे, एक पत्र लिहून द्या. तिचा आवाज एकदाही हलला नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. सर कोपऱ्यात उभे होते. मी म्हणाले की या ताई तुमचं स्वागत करतात, गटाने बायकांना स्वतःच्या पायावर उभं केलं, आणि आता त्या मोठ्या जागेत जायच्या तयारीत आहेत.

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत राहिल्या. मावशी आधी गोंधळली, मग माझ्याकडे बघत राहिली. मी हसून मान हलवली. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

परतताना बसमध्ये एक म्हातारे पाहुणे माझ्या शेजारी बसले. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात त्यांनी मच्छीमारांची सोसायटी चालवली होती. मांडीवर नारळ, हातात भेट मिळालेला मोजा. तो त्यांनी उजव्या हातात घालून पाहिला, काढला, उलटा करून पाहिला. म्हणाले, सगळीकडे आम्हाला यशच दाखवतात. आमची शेड जाणार होती तेव्हा अशाच एका मेळाव्यातल्या लोकांनी सह्या करून पत्र पाठवलं, म्हणून ती वाचली. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना खरंच काही नकोय का?"

सर पुढच्याच सीटवर होते. खरं बोलले असते तर गाळ्यात मी खोटं बोलले हेही उघडं पडलं असतं. मी म्हणाले, नाही, त्यांचं छान चाललंय. त्यांनी मोजा घडी करून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सरांच्या नावावर मी कितीदा हे ढकलून पाहिलं. पण बसमधलं ते वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीची भीती थोडी होती, लाज जास्त होती.

महिनाअखेरीला गाळा खाली झाला. मी गेले तेव्हा बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या आणि मावशी एकटीच शेवटच्या मशीनचा पट्टा काढत बसली होती. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. तिने वर न बघताच विचारलं, "मी सांगितला जागा जातेय म्हून. त्यांनी टाल्या कशाला वाजवल्या?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती काय बोलली आणि मी काय बोलले, शब्दाला शब्द. म्हाताऱ्या पाहुण्यांनी विचारलेलंही सांगितलं. ती रागवेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या.

तिने पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला.

"मंग बाय, त्या टाल्या तुज्याच होत्या," ती म्हणाली, आणि मशीनची एक बाजू मला उचलायला सांगितली.