कमलावहिनींची चिलटं

पुण्याहून निघताना पिशवीत कपडे कमी आणि काचेच्या नळ्याच जास्त होत्या. प्रत्येक नळीवर मी आधीच लिहून ठेवलं होतं: 'देविदासभाऊंची वखार, उमरखेड'. तीन वर्षांपूर्वी त्या केळीच्या वखारीतून मी चिलटं नेली होती. माझं सगळं संशोधन त्यांच्या वंशावर उभं होतं. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतली वातानुकूलन यंत्रणा बिघडली आणि तो वंश एका दिवसात संपला. वखारीतली चिलटं पुन्हा मिळाली नाहीत, तर तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

पुसदला एसटी बदलून उमरखेडला पोचले. वखारीत शिरले, तर एकही चिलट दिसेना. फरशी लख्ख आणि फिनेलचा वास.

"तुमी येनार म्हनून सारं धुऊन काढलं, मॅडम," देविदासभाऊ म्हणाले. "मांगच्या खेपेले लय चिलटं होते. मले लाज वाटली."

मी कपाळाला हात लावला. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, कमलावहिनी, म्हणाल्या, "चिलटं उकंड्यावर (उकिरड्यावर) हायेत." भाऊ हमालांशी बोलत राहिले आणि मी फरशीकडे बघत राहिले.

दुपारी भाऊंच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) जेवायला गेलो. भाकरी आणि अंबाडीची भाजी छानच होती, पण माझं लक्ष रिकाम्या नळ्यांकडेच होतं. चिलटांत एवढं काय बघता, असं भाऊंनी विचारलं. मी सांगितलं, मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एकच. म्हणून नराचं ते एक दुपटीनं राबतं. 'इथं दुप्पट राबा' असं सांगणारा मजकूर दुसऱ्या गुणसूत्रांवरही असतो, पण तिथं त्याला कुणी विचारत नाही. डीएनए कुठं, कशात गुंडाळलेला आहे, आसपास काय आहे, यावर ते ठरत असावं. मी तेच शोधते आहे.

चुलीपाशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "चिलटं उकंड्यावर हायेत."

भाऊ ताट सोडून उठले. "हाव ना! सडके केळं तिथंच फेकले!"

उकंड्यावर चिलटं घोंघावत होती. अर्ध्या तासात नळ्या भरल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

"वहिनी, हे वखारीतच का नाही सांगितलं?"

"सांगतलं ना! तिथं माह्यं कोन आयकते? घरी आयकतेत," त्या हसून म्हणाल्या.

परतीच्या एसटीत नळ्या मांडीवर घेऊन बसले. वखारीत त्या बोलल्या तेव्हा मी त्यांच्यापासून दोनच हातांच्या अंतरावर उभी होते, तरी ऐकलं नव्हतं. मला मनापासून शरम वाटली. पर्समधून पेन काढलं, एकेका नळीवरचं नाव खोडलं आणि लिहिलं: 'कमलावहिनींचा उकंडा'.