पलीकडची अर्धी प्रार्थना

इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोन जावांनी बावीस वर्षं समोरासमोर उभं राहून चादरींच्या घड्या घातल्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. धाकटी आता चोपन्न वर्षांची, गुडघे कुरकुरायला लागलेली, पण नाव पडलं ते पडलं. तिचा नवरा गेला तेव्हा थोरलीनेच तिला हाताला धरून इथे आणलं आणि मुकादमबाईंना बजावलं, "हिला माझ्याच समोर उभी करा."

चादर ताणायची आणि टोकं जुळवत एकमेकींकडे चालत यायचं. दिवसाच्या पहिल्या चादरीला प्रार्थना व्हायची, तीही दोघींत वाटलेली. चादर ताणताना धाकटी म्हणायची, "देवा, आजचा दिवस निभावून ने." पुढचं अर्धं थोरली म्हणायची, चालत येताना, ओठांतल्या ओठांत. यंत्रांच्या घरघरीत धाकटीला त्यातलं अक्षर ऐकू येत नसे आणि या बाईने कधी विचारलंही नाही. आपलं मागून झालं, पुढचं जाऊबाई बघतील, असा एकंदर कारभार. मुलगा परगावी गेला, राहतं घर सोडावं लागलं, तेव्हाही हिने फक्त मागितलं. भरवसा ठेवायचं काम थोरलीकडे.

आणि मग थोरलीच गेली. तापाचं निमित्त झालं, तीन दिवसांत सगळं आटोपलं.

पंधरा दिवसांनी धाकटी कामावर आली. पहिली चादर ताणली, आपलं वाक्य म्हणाली आणि अडली. पुढचं काय? समोर नव्याने लागलेली मुलगी होती, डावखुरी. ती ताटकळली. धाकटीने सवयीने टोकं पुढे केली, मुलीने भलताच हात पुढे केला आणि चादर जमिनीवर. पडलेली चादर पुन्हा धुवायची, असा नियम. आठवड्यात अकरा चादरी पडल्या.

"मन लागत नसेल तर रजा घ्या," मुकादमबाई म्हणाल्या.

मन लागत नव्हतं हे खरंच. अर्धी प्रार्थना पोचते का? इतकी वर्षं देव आपलं ऐकत होता, की थोरलीच्या शब्दाखातर चालवून घेत होता? आता ती नाही, तर तो आपल्याला ओळखेल तरी का? विचार करकरून तिचं डोकं पार चक्रावलं. शेवटी ती थोरल्या दिरांकडे गेली.

"भावजी, जाऊबाई प्रार्थनेत पुढे काय म्हणायच्या हो?"

भावजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "घरात तिने देवाचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. मला वाटायचं, ते सगळं तू बघतेस."

हसावं की रडावं, तिला कळेना. तिने दोन्ही केलं आणि होती त्याहून गोंधळलेली घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावखुरी म्हणाली, "मावशी, जागा बदलू या का? इथे माझा डावा हात भिंतीला अडतो."

बावीस वर्षांत धाकटी पहिल्यांदा थोरलीच्या जागी उभी राहिली. तिच्या स्वतःच्या जागेवरून समोर दिसायची ती फडताळं, स्वच्छ घड्यांनी भरलेली. इथून दिसत होतं दार. ते काही नवीन नव्हतं, पण कायम पाठीशी असायचं. दारातून वॉर्डातल्या गाड्या येत होत्या. रक्ताने भिजलेल्या चादरी, ओकारीच्या चादरी आणि सगळ्यांत वर एक लहान मुलाच्या खाटेची, हातभर.

जाऊबाई रोज हे बघत म्हणायच्या? काय म्हणायच्या?

समोर डावखुरीने चादर ताणली. "मावशी, ते वाक्य इथे उभं राहणारीने म्हणायचं असतं ना?" असं म्हणून तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. "देवा, आजचा दिवस निभावून ने," ती म्हणाली आणि धाकटीकडे बघत थांबली.

दारातून आणखी एक गाडी आत आली. धाकटीला काहीही आठवलं नव्हतं, काही कळलंही नव्हतं, तरी ओठ हलले.

"कालचा निभावून नेलास," ती पुटपुटली.

हे शब्द थोरलीचे की आपलेच, तिला सांगता आलं नसतं. समोर मुलीलाही ते ऐकू गेले नसावेत, यंत्रं घरघरत होती. धाकटीने टोकं घट्ट धरली आणि तिच्याकडे चालत गेली.