मास्तरांचा शर्ट

मास्तरांनी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, पण त्यांचा जीव व्याकरणात कधी रमला नाही. तो रमायचा शब्दांच्या कुळकथेत. कुठला शब्द कुठून आला हे सांगायला लागले, की शाळेची घंटासुद्धा त्यांना ऐकू येत नसे. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. "हात गेला, पण तोंड जागेवर आहे," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आज वाचनालयात त्यांचं भाषण होतं, आजारपणानंतरचं पहिलंच. विषय एकच शब्द: ड्रेस. आणि मास्तरांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की शर्टाची बटणं मी स्वतः लावीन, नाहीतर जाणारच नाही.

बायको शिवणकाम करणारी. तिने गुपचूप नव्या शर्टाला आतून व्हेल्क्रोची पट्टी शिवली, वरून नुसती शोभेची बटणं. मास्तरांनी शर्ट उघडला आणि चर्र आवाज झाला.

"ही शुद्ध फसवणूक आहे," ते म्हणाले. "माझा जुना आण."

मग पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताची बटणांशी झटापट सुरू झाली. घाम फुटला, तसं भाषणही सुटलं. "अगं, ड्रेसचा मूळ अर्थ कपडे नव्हेच! लॅटिनमध्ये 'सरळ' असा एक शब्द होता. तो फ्रेंचांकडे गेला आणि सरळ करणं, नीट मांडणं असा झाला. म्हणून तर कवायतीत शिपायांची रांग सरळ करतात तेही ड्रेस, आणि जखम बांधतात ते ड्रेसिंग. कपडे त्यात मागाहून आले."

"आले ते बरं झालं," बायको म्हणाली. "नाहीतर तुम्ही तसेच निघाला असता."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मास्तरांनी शेवटचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले. "झालं!"

शर्टाची एक बाजू वर, एक खाली. पहिलंच काज चुकलं होतं.

बायकोचा हात सवयीने पुढे गेला. तिच्यासाठी ते चुटकीसरशी होणारं काम. पण मास्तरांचा फुललेला चेहरा बघून तिने तो मागे घेतला. तिला हसू आलं आणि रडूही. खिडकीतून वाकून तिने टॅक्सीवाल्याला ओरडून सांगितलं, "तुम्ही जा हो, आम्हाला वेळ लागेल!"

मग स्टूल ओढून ती त्यांच्या समोर बसली.

"सरळ नाही झालं," ती म्हणाली. "सगळी सोडा. थांबतील वाचनालयवाले. आणि तो शब्द फ्रेंचांकडे गेला, तिथपासून परत सांगा."