पाया बुजण्याआधी

बदनापूरला मी घर बांधायला काढलं, तेव्हा पायाला आलेल्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चिडका माणूस. चुन्याच्या फक्कीनं त्यानं जागा आखली आणि तंबाखू मळत बसून राहिला. शेजारच्या म्हातारबाई लेकीकडं केदारखेड्याला गेल्या होत्या. त्या येऊन फक्की बघेपर्यंत कुदळ लावणार नाही म्हणाला.

मी वकील. चिडून मोजणीचा नकाशा त्याच्यापुढं धरला.

"कागद बराबर हाय साहेब," नकाशाकडं न बघताच तो म्हणाला. "भिंत समद्यायला दिसती. पाया एकदा बुजला की कोनालाच दिसत न्हाई. मंग तो आधीच दाखवावा लागतो."

काम खोळंबलं. शेवटी बाई आल्या, फक्कीच्या कडेनं एक फेरी मारली, मान हलवली. तेव्हा कुठं कुदळ पडली.

'कायदा' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ पाया, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. आता नवा कायदा हाती आला की कलमं वाचण्याआधी मनात येतं, फक्की टाकली तेव्हा शेजाऱ्यांना कुणी बोलावलं होतं का? आपण पोचतो तेव्हा बहुधा भिंत उभी असते.