मिल्काबाईंकडचा शुक्रवार

आमच्या आप्पांनी मांसमच्छी खाणाऱ्या माणसाला घर भाड्याने दिलं, ही गोष्ट कुंभकोणमच्या आमच्या गल्लीला बरेच दिवस पचली नाही. पण आप्पांचा तरी काय दोष? दारात उभी राहिलेली बाई मराठीत म्हणाली, "जागा मिळेल का हो?" आणि आप्पा विरघळले. आमच्या कित्येक पिढ्या या तंजावर मुलखात गेल्या. घराबाहेर तमिळ, घरात मराठी. अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

"कोठल्या तुम्हीं, बाई?" आप्पांनी विचारलं.

"कुलाबा जिल्ह्यातली. मिल्का कोर्लेकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. इथल्या प्रसूतिगृहात नर्स आहे. नवरा रेल्वेत होता, तो गेला. आता क्वार्टर सोडायला सांगितलंय."

"मासे शिजवितां?"

"शिजवायची. तुम्ही जागा दिलीत तर विसरेन."

ही १९५२ची गोष्ट. मी तुळसी, तेव्हा तेवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवायची आणि लग्नाच्या बाजारात माझ्या जिभेपायी नापास होत होते. पुढच्या दोन खोल्यांत मिल्काबाई आल्या आणि मला बोलायला माणूस मिळालं. ही जी मराठी मी लिहिते आहे तीही त्यांच्याकडूनच उचलली. त्यांना माझी मराठी पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटायची.

त्यांच्या मनात एक सल होता. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कादीश नावाची प्रार्थना म्हणतात आणि तिला दहा पुरुष लागतात. नवरा गेला तेव्हा चारच मिळाले. बायका दहात धरत नाहीत, हे ऐकून मी फणकारले, तर त्या म्हणाल्या, "स्वयंपाकाला मात्र धरतात हो."

नुसतं रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि तंजावर ते मायावरम, जवळपासच्या प्रत्येक स्टेशनमास्तरला लिहिलं, "तुमच्याकडे शनिवारी काम करायला कुरकुरणारा कुणी तरुण आहे का?" शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत यहुदी काम करत नाहीत, त्यावरून आपली माणसं हुडकायची. एकाने उत्तर पाठवलं की त्याच्याकडचे सगळेच सातही दिवस कुरकुरतात. पण हळूहळू माणसं सापडली. पेणचा, पनवेलचा, रोह्याचा; कुणी तारखात्यात, कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी पुलांच्या कामावर. सगळी विशी-बाविशीची पोरं, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर. एकजण तर तीन वर्षांत कुणाशी मराठीत भांडलाही नव्हता, म्हणून आल्या आल्या त्याने माझ्याशी भांडून घेतलं.

महिन्यातला एक शुक्रवार ठरला. ड्यूट्या बदलून, साहेबांच्या हातापाया पडून पोरं दुपारीच यायची आणि शनिवारी सूर्य मावळल्यावर परत जायची. तिरुचीच्या दोन नर्स मुलीही येऊ लागल्या. मिल्काबाईंचा नियम एकच होता. प्रार्थना येत नाही म्हणून कुणी लाजायचं नाही, आणि इतके दिवस कुठे होतास, असं कुणी विचारायचं नाही. शुक्रवारी लावायचा दिवा त्यांनी जवळच्या नाचियार्कोविल गावच्या कारागिराकडून पितळेचा घडवून घेतला होता. मूर्ती चालत नाही म्हणून तिथल्या दिव्यांवर हमखास असणारा हंस काढायला लावला, तेव्हा तो कारागीर इतका हळहळला की जणू त्याचीच मान उडवली.

प्रार्थना झाली की काळ्या मनुका भिजवून काढलेल्या रसाचा पेला सगळ्यांत फिरायचा. माझी वेदवतीआत्या दाराआडून पाहायची आणि कपाळावर हात मारायची. "अय्यो देवा! एकाच पेल्यास सगळे ओंठ लावताहेत! उष्टें म्हणून कांहीं आहे कीं नाहीं?" आमच्याकडे कॉफीसुद्धा तोंडाला पेला न लावता वरून ओततात. मला मात्र तो पेला फार आवडायचा. कुणाचं काही वेगळं नाही, सगळं एकत्र.

पण मी मास्तरीण. ओळीने बसलेल्या मुलांकडे पाहायची मला खोड. दोन वर्षं पाहून पाहून माझ्या लक्षात आलं की गेर्शोनला पेला नेहमी शेवटी मिळतो. गेर्शोन इथल्याच तारऑफिसात होता. सगळ्यांच्या आधी येऊन चटया तोच टाकायचा. कधी पहिल्या चटईवर बसायचा, कधी मधल्या, पण पेला त्याला वळसा घालून जायचा.

"असं का हो?" मी एकदा विचारलं.

मिल्काबाई तांदूळ निवडत होत्या. "त्याची पणजी इस्राएल नव्हती," त्या म्हणाल्या. "अशांना आमच्यात काळे इस्राएल म्हणतात. आमच्यानंतर त्यांनी प्यायचं, अशी रीत आहे. पूर्वीपासून."

"म्हणजे आमच्या आत्यासारखंच की."

त्यांनी तांदूळ उचलले आणि आत गेल्या. मग दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझ्या जिभेने हेही घर घालवलं.

त्यानंतरचाच शुक्रवार. तंजावरहून येणाऱ्या एलीशाच्या वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. तिकडे घरी जायला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे कादीश इथेच व्हायचं होतं. पोरगा आठवडाभर जेवला नसावा, असा दिसत होता. एकेक जण येत गेला. ऊन कलत आलं. एलीशाने बोटांवर मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नऊच आहोत," तो म्हणाला.

मी ओसरीवरून मोजले. दहा होते.

कुणी गेर्शोनकडे पाहिलं नाही. त्याच्या हातात शेवटची चटई होती. ती त्याने नीट अंथरली, कोपरा सरळ केला आणि बाहेर येऊन माझ्याजवळ पायरीवर बसला. मला इतका संताप आला की आत जाऊन त्या एलीशाच्या कानाखाली वाजवावी.

"बाबा फार कडक होते, मावशी," आत एलीशा रडवेल्या आवाजात म्हणत होता. "त्यांना हे चाललं नसतं."

मिल्काबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुझं काही चुकत नाही रे. चूक माझी आहे. दोन वर्षं मी ह्या पोराला शेवटी पेला दिला आणि तुम्ही बघत होतात. या घरात सगळ्यांना या म्हणते, आणि एकाला दारातच ठेवते. तुळसीने विचारलं, तर मी तिच्यावरच रुसले."

त्या बाहेर आल्या. "गेर्शोन, आत चल."

"राहू दे, मावशी. मला सवय आहे."

"मला नको तुझी ती सवय," त्या म्हणाल्या. "लाज वाटते मला. ऊठ."

तो आत गेला, पण उंबऱ्याशीच थांबला. आता सगळं एलीशावर होतं. दहावा माणूस समोर उभा होता आणि त्याला मोजायचं की वडिलांचं कादीश सोडून द्यायचं, हे दुसरं कुणी ठरवू शकत नव्हतं. एलीशाने डोळे पुसले. स्वतःच्या चटईवर थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस," तो म्हणाला. "मला मध्येच रडू आलं तर पुढचं सांग. तुला पाठ आहे."

त्याला रडू आलंच. गेर्शोनने हळूच पुढचे शब्द सांगितले आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. शब्द मला कळत नव्हते, तरी माझेही डोळे भरून आले. मग पेला निघाला. मिल्काबाईंनी तो आधी गेर्शोनच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि एलीशाकडे दिला. एलीशाने पेला फिरवला नाही, कड पुसली नाही, तसाच तोंडाला लावला. सर्वांत शेवटी मिल्काबाई प्यायल्या. पुढेही, मी पाहिलं तोवर, शेवटचा घोट त्यांचाच असायचा.

पुढच्या महिन्यात एलीशा दोन नव्या पोरांना घेऊन आला. बिचारी दोघं दारातच बुजून उभी होती. एलीशाने गेर्शोनच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा गेर्शोन. आमचा दहावा."

"दहावा कसला?" गेर्शोन म्हणाला. "तीन वाजल्यापासून इथे आहे, पहिला मी. या, आत या. चपला तिकडे काढा आणि कुठेही बसा."